ज्याचा रिपोर्ट त्याने काढायचा

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. बियाणं साफ करायच्या मशीनखाली फोलपटं पडत राहतात, तसे ते पडत राहतात. दिवसभर कोणाचं लक्ष जात नाही आणि संध्याकाळी बघावं तर घमेलंभर ढीग! हिंगोलीच्या एका बियाणे कंपनीत मी सहा वर्षं कॉम्प्युटर सांभाळले. तिथला माझा ढीग असाच जमला. आता मित्रमंडळी बसली की मी एकेक काढतो आणि लोक पोट धरून हसतात. पण खरं सांगू का? तेव्हा मला एकदाही हसू आलेलं नव्हतं. तेव्हा नुसती भीती वाटायची. सकाळी डबा भरून घेताना सुरू व्हायची, ती संध्याकाळी गेटाबाहेर पडल्यावर संपायची.

कंपनी म्हणजे फार मोठं काही नव्हतं. गावोगावचे शेतकरी आमच्यासाठी सोयाबीन आणि तुरीचं बियाणं पिकवायचे. ते आमच्याकडे येऊन साफ व्हायचं, लॅबमध्ये त्याची उगवण तपासली जायची, गोदामात थैल्यांच्या थप्प्या लागायच्या आणि मृगाच्या तोंडावर ट्रक भरून दुकानदारांकडे जायचे. मी डोंगरकडा गावाजवळच्या तांड्यावरचा. आमच्या तांड्यावर याच कंपनीचं बियाणं पेरायचे. त्यामुळे एखादा आकडा चुकला तर कोणाच्या वावरात काय होईल, हे मला कागदावर बघायची गरज नव्हती.

आणि भीतीचं दुसरं कारण होते आमचे मालक, भाईजी. भाईजी कधी ओरडले नाहीत. ओरडणाऱ्या माणसाची सवय होते हो! भाईजी जितके रागावत तितका त्यांचा आवाज खाली जायचा. फारच रागावले की ऐकू येण्यासाठी पुढे वाकावं लागायचं, आणि पुढे वाकायची कोणाची हिंमत नसायची. त्यांचा फोन आला तरी लोक खुर्चीतून उठून उभे राहून बोलायचे.

०००

सुरुवात झाली भाईजी पुण्याचं एक प्रदर्शन बघून आले तेव्हा. सन दोन हजारनंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील. आले ते थेट सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. आम्ही पाच जण भिंतीला टेकून उभे. लॅबच्या वैशालीताई, विक्रीचे गायकवाडसाहेब, खरेदीचे एक गृहस्थ (ते पुढे लवकरच नोकरी सोडून गेले, शहाणा माणूस!), गोदामाचे यूसुफमामू आणि मी.

भाईजी म्हणाले, "तिकडं एका कंपनीत सगळी माहिती एकाच जागी असते. ज्याचा रिपोर्ट त्यानं काढायचा. कोणी कोणाला विचारायचं न्हाई. आपल्याकडं हे जूनच्या आत पाहिजे. राठोड, होईल ना?"

राठोड म्हणजे मी. मी "हो" म्हणालो. नाही म्हणायला जी हिंमत लागते ती माझ्यात असती तर मी कुठल्या कुठे गेलो असतो.

मग भाईजी सहज बोलावं तसं म्हणाले, "कोणती थैली कुठं हाय हे कॉम्प्युटरच सांगणार असंल, तर गोदामाला येगळा माणूस काहून लागतो? जूनमध्ये बघू."

यूसुफमामू बावीस वर्षं त्या गोदामात होते. कमरेला चाव्यांचा जुडगा, खिशात छोटी डायरी. थप्पीच्या नुसत्या वासावरून माल कोणत्या गावचा ते सांगायचे. त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

बाहेर आल्यावर मामूंनी मला व्हरांड्यात गाठलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खिडकीतून माझ्या खोलीतल्या खोक्याकडे, म्हणजे सर्व्हरकडे बघत म्हणाले, "बेटा, तुझ्या ह्या डब्यात मी कितीक जागेत मावतो?"

त्या दिवसापासून मी जे जे काम करायचो, त्यात मामूंची नोकरी थोडी थोडी कमी होते आहे असंच मला वाटायचं.

०००

पहिलं काम होतं लॉटला एक नाव देण्याचं. तुम्हाला वाटेल, यात काय विशेष? एका मालाला खरेदीवाले म्हणायचे 'डोंगरकड्याचा'. लॅबमध्ये तोच 'खालच्या कप्प्यातला चौथा ट्रे'. गोदामात 'पत्र्याखालची तिसरी थप्पी'. आणि विक्रीत 'निळ्या अक्षरांच्या थैल्या'. माल एक, नावं चार! आणि चौघांचं वर्षानुवर्षं छान चाललेलं होतं.

मी चौघांना एका टेबलाभोवती बसवलं आणि सांगितलं, उद्यापासून लॉटला फक्त नंबर. लॉट एक, लॉट दोन, लॉट तीन. सगळ्यांनी तोच वापरायचा.

कोणी तयार होईना. गायकवाडसाहेब म्हणाले नंबर लक्षात राहत नाहीत. मामू म्हणाले थप्पीवर नंबर लिहिला तर पुसतो. खरेदीवाले गृहस्थ म्हणाले, शेतकऱ्याला काय सांगू, तू बावीस नंबर म्हणून? दोन तास गेले, चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. शेवटी वैशालीताईंनी मनातलं सांगून टाकलं. बाई लॅबमध्ये एकट्या, बोलायला कमी आणि घाबरायला सगळ्यांत पुढे.

त्या म्हणाल्या, "राठोडसर, आता चार नावं हायत तर चूक झाली की कळत तरी न्हाई कोणाची ते. नाव एक झालं तर चूक बी एकच दिसंल. मग ती कोणाची, ते लगेच कळंल ना!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्या वेळात पहिल्यांदाच चौघांचं एकमत झालं होतं.

०००

पासवर्डचा प्रकार त्याच आठवड्यातला. मी प्रत्येकाला आपापला पासवर्ड टाकायला लावला. सांगितलं, कोणालाही सांगायचा नाही, मलाही नाही. सगळे कॉम्प्युटरवर असे वाकून बसले की जणू परीक्षेला कॉपी करून राहिलेत.

दुसऱ्या दिवशी गायकवाडसाहेब लॅबच्या कॉम्प्युटरवर बसले आणि चुकून वैशालीताईंच्या नावाने आत शिरले. आपला पासवर्ड टाकला आणि कॉम्प्युटर उघडला! ते घामाघूम होऊन माझ्याकडे आले. मला शंका आली. मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. कोणी सांगेना. शेवटी मीच कानात विचारलं, "भाईजी?"

चौघांनीही 'भाईजी' हाच पासवर्ड टाकला होता! प्रत्येकाला वाटत होतं, हे आपल्यालाच सुचलं. गायकवाडसाहेबांना मी विचारलं, अहो, दुसरं काही सुचलं नाही का? ते म्हणाले, "सापडलो तर निदान राग तरी यायचा न्हाई ना त्यांना!"

सगळ्यांचे पासवर्ड माझ्यासमोर बदलून घेतले. पण मला त्या रात्री झोप लागायला उशीर झाला. कारण सर्व्हरचा पासवर्ड मीही तोच ठेवला होता.

०००

मार्चमध्ये पहिला एकत्र रिपोर्ट निघाला. लॅबची उगवण, गोदामाचा साठा, विक्रीची मागणी, सगळं एका कागदावर. मी तो स्वतः भाईजींना नेऊन दिला. छाती अशी फुगलेली!

भाईजींनी कागद वाचला. मग परत वाचला. मग त्यांचा आवाज खाली गेला. "राठोड, याचा अर्थ आपल्यापाशी विकायला बियाणंच न्हाई."

मी बघितलं. खरंच! निम्मे लॉट नापास, गोदामात माल अपुरा, आणि मागणी डोंगराएवढी. भाईजींनी बाहेरून बियाणं घ्यायला फोन उचलला. मी कसाबसा म्हणालो, "भाईजी, अर्धा तास द्या." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मी पळत सुटलो.

वैशालीताईंना विचारलं. त्या रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, उगवण जितकी येते त्याच्यापेक्षा त्या नेहमी शंभरामागे तीनने कमी लिहायच्या. "उद्या वावरात कमी उगवलं तर? म्हणून आधीच कमी लिहिते." त्या तीनमुळे काठावरचे सगळे लॉट नापास झाले होते. गायकवाडसाहेब मागणी सव्वापट लिहायचे, कारण मागितल्याच्या चार आणे माल कमीच मिळतो हा त्यांचा अनुभव. आणि यूसुफमामू प्रत्येक थप्पीत दहा थैल्या कमी दाखवायचे.

मामूंनी मला गोदामाच्या आत नेलं आणि खिशातली डायरी दाखवली. तिच्यात खरा आकडा होता, थैली ना थैली. "उंदीर खातो. थैली फाटते. लॅबवाले नमुना घेऊन जातात. शेवटी कमी भरलं तर तकलीफ कोणाला? भाईजी उंदराला बोलवून विचारणार हायत का?"

म्हणजे प्रत्येकाने आपली भीती आकड्यात मिसळून ठेवली होती. इतकी वर्षं ती तीन वेगवेगळ्या रजिस्टरांत सुखात होती. मी पहिल्यांदाच सगळ्यांची भीती एका कागदावर मांडली होती!

अर्ध्या तासात खरे आकडे टाकून नवा रिपोर्ट काढला. बियाणं पुरेसं होतं. भाईजींना सांगितलं, प्रोग्राममध्ये चूक होती. मामूंच्या डायरीचं सांगितलं असतं तर जून यायच्या आधीच त्यांचा निकाल लागला असता. भाईजींनी नवा कागद ठेवून घेतला.

व्हरांड्यात गायकवाडसाहेब वाट बघत होते. म्हणाले, "खरा आकडा टाकायचा होता व्हय? मग आधी नाही का सांगायचं!"

०००

एप्रिलपासून सगळे आपापले रिपोर्ट काढू लागले. मला वाटलं, सुटलो. तर दुसऱ्याच दिवशी वैशालीताई कागद घेऊन दारात. "सर, एवढी सही करा ना." मी म्हणालो, ताई, तुमचा रिपोर्ट, माझी सही कशाला? त्या म्हणाल्या, बिनसहीचा कागद भाईजींपुढे कसा न्यायचा?

मी केली सही. तीच चूक झाली. त्यांचं बघून गायकवाडसाहेब आले. मग मामू आले, आपला एका बोटाने काढलेला रिपोर्ट घेऊन. आठवड्याभरात माझ्या दारापुढे रांग! रोज तीस-चाळीस कागद. लॅबमध्ये किती दाणे उगवले, गोदामात किती थैल्या, कोणत्या ट्रकमध्ये काय, सगळ्यांखाली राठोडची सही. उद्या काहीही चुकलं तरी गुन्हेगार एकच. सही इतकी वेडीवाकडी यायला लागली की बँकेने माझा चेक परत पाठवला.

एक दिवस भाईजी त्या रांगेपाशी येऊन थांबले. हळू आवाजात म्हणाले, "ज्याचा रिपोर्ट त्यानं काढायचा म्हणलं होतं ना? मग इथं काहून उभे?"

रांग थिजली. गायकवाडसाहेब रांगेत पहिले. पळायला जागा नाही. ते म्हणाले, "रिपोर्ट आमीच काढून राहिलो भाईजी! फक्त खरा हाय का न्हाई, तेवढं राठोडसाहेबांना विचारून राहिलो."

०००

मे महिन्यात सर्व्हरची डिस्क गेली.

लाईट जायची, यायची, परत जायची. एकदा आली ती कट्ट असा आवाज करून आली आणि पडदा काळा. मी सीडीवर घेतलेली नक्कल लावून बघितली. तीही उघडेना. त्याआधीची उघडली, ती अकरा दिवसांपूर्वीची होती. अकरा दिवसांच्या सगळ्या नोंदी गेल्या! ते दिवस मृगाआधीच्या घाईचे, रोज माल येत होता आणि लॉट पास-नापास होत होते. जुनी रजिस्टरं भाईजींनी महिनाभर आधीच जमा करून कपाटात कुलूपबंद केली होती. "दोन जागी लिहायचं न्हाई" अशी ताकीद होती.

मी जमिनीवरच बसलो. तांड्यावर परत जाऊन बापाला काय सांगायचं, याची वाक्यं जुळवायला लागलो.

तेवढ्यात वैशालीताई आल्या, इकडे तिकडे बघितलं आणि पिशवीतून एक वही काढली. अकरा दिवसांची सगळी उगवण, लाल-निळ्या शाईत! त्या गुपचूप घरी जाऊन लिहीत होत्या. पाठोपाठ गायकवाडसाहेब. त्यांनी शर्टाच्या आतून रजिस्टर काढलं. मामूंची डायरी तर होतीच, शिवाय आणखी एक जाड वही. ज्याने त्याने मालकाची ताकीद मोडली होती आणि ज्याला त्याला वाटत होतं, आपण एकटेच गुन्हेगार आहोत.

दार लावून आम्ही नव्या डिस्कवर नोंदी भरायला बसलो. चार माणसं, चार वह्या. निम्मं काम झालं आणि बाहेर भाईजींच्या चपलांचा आवाज! वह्या लपवायला वेळच नव्हता. तिघेही एका क्षणात आपापल्या वहीवर बसले.

भाईजी आत आले. आणि कोणीही उठलं नाही. कंपनीच्या इतिहासात असं कधी घडलं नसेल. भाईजी दारात थबकले. एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. "काय झालं? काहून कोणी उठत न्हाई?"

वैशालीताईंनी डोळे मिटले. गायकवाडसाहेबांच्या कपाळावरून घाम टपटप गळत होता. मामू मात्र शांतपणे म्हणाले, "भाईजी, राठोडनं सांगितलंय. डिस्क नवी हाय. माहिती भरून होईस्तोवर खोलीत कोणी हालायचं न्हाई."

भाईजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि चवड्यांवर चालत, आवाज न करता, खोलीबाहेर गेले!

०००

त्यानंतर मी धडा घेतला आणि प्रत्येक नोंदीपुढे एक रकाना वाढवला, 'शेवटचा बदल कोणाचा'. कोणी काही बदललं की तिथे आपोआप त्याचं नाव. सगळ्यांना दिसेल असा.

परिणाम असा झाला की दोन दिवस कोणी काही भरलंच नाही! लॅबमध्ये ट्रे उगवून वर आले, पण नोंद नाही. गोदामात माल आला, पण नोंद नाही. तिसऱ्या दिवशी भाईजी खूश होऊन म्हणाले, "राठोड, हा रकाना चांगला हाय. दोन दिवसांत एक चूक न्हाई!"

मग मी घरोघर फिरावं तसा टेबलोटेबली फिरलो आणि हातापाया पडून सगळ्यांकडून नोंदी करून घेतल्या. मामूंनी विचारलं, "भाईजींनी गोदामाचं काही काढलं का?" मी नाही म्हणालो. जून चार दिवसांवर आला होता.

०००

आणि मग लॉट नंबर अडतीस.

जवळा बाजारकडचं सोयाबीन, तीनशे थैल्या. लॅबमध्ये शंभरातले जेमतेम पन्नास दाणे उगवले. वैशालीताईंनी 'नापास' भरलं. मामूंनी रिवाजाप्रमाणे थप्पीला लाल सुतळी बांधली. विषय संपला.

दोन दिवसांनी सकाळी गायकवाडसाहेबांनी आपला रिपोर्ट काढला तर अडतीस नंबर 'पास'! दुकानदार फोनवर फोन करत होते. साहेबांनी आनंदाने चिठ्ठी फाडली, बाहेरचे हमाल बोलावले. मामू तेव्हा मागच्या गोदामात माल उतरवून घेत होते. ते पुढे आले तोवर ट्रक भरून गेटापर्यंत गेला होता.

मामूंनी थैल्यांवरचा नंबर बघितला आणि ते ट्रकसमोर जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, गायकवाडसाहेब पळत आले. "मामू, सरका! रिपोर्टात पास हाय, मी सोता काढला!"

"रिपोर्ट पास असंल साहेब. थप्पी नापास हाय. ह्या हातानं लाल सुतळी बांधली म्या."

हॉर्न ऐकून भाईजी बाहेर आले. सगळं ऐकून घेतलं. ट्रकला हात लावून म्हणाले, "तीनशे थैल्या. पेरल्या असत्या तर?" आवाज इतका खाली गेला होता की ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मला आमच्या तांड्यावरची वावरं दिसायला लागली, ओळी धरून पेरलेली आणि तशीच काळी राहिलेली.

"नापासचा पास ज्यानं केला, तो आज घरी जाईल. कायमचा. केबिनमध्ये या सगळे."

केबिनमध्ये जायच्या आधी दहा मिनिटं मिळाली. त्या दहा मिनिटांत प्रत्येकाने अडतीस नंबरचा रिपोर्ट काढून बघितला. मामूंना वैशालीताईंनी आपल्या कॉम्प्युटरवर दाखवला. शेवटच्या रकान्यात नाव होतं, भाईजी.

मला सगळं लक्षात आलं. आठवड्यापूर्वी भाईजींच्या टेबलावर चाकवाला नवा माऊस आला होता. बाण पास-नापासच्या चौकटीवर असताना चाक फिरलं की नापासच्या जागी पास यायचं. ते नुसतं बघायला गेले असणार. पण बघणाऱ्याच्या हातात बदलायचा अधिकार कोणी दिला? मी! बाकीच्यांना मी आपापल्या खात्यापुरताच अधिकार दिला होता. 'भाईजी, तुम्ही फक्त बघायचं' असं मालकाला तोंडावर कोण सांगणार?

आम्ही चौघे भिंतीला टेकून उभे राहिलो.

"बोला. कोणी केलं?"

वैशालीताईंचा आवाज आला, रडका. "भाईजी, माझ्याच हातून झालं असंल."

"न्हाई, न्हाई," गायकवाडसाहेब घाईने म्हणाले, "मीच केलं. विक्रीच्या गडबडीत."

मी म्हणालो, "चूक प्रोग्रामची आहे. म्हणजे माझी."

भाईजींनी तिघांकडे बघितलं. "एक लॉट तिघांनी पास केला?"

तेव्हा यूसुफमामू पुढे झाले. कमरेचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला. "भाईजी, ह्या तिघांचं ऐकू नका. मी केलं. ह्या चाव्या घ्या."

"मामू, तुमाला लॅबची स्क्रीन उघडता येते का?"

"न्हाई."

"मग केलं कसं?"

"न येताच केलं, म्हणून तर चुकलं!"

भाईजींनी आपला कॉम्प्युटर पुढे ओढला. रिपोर्ट कसा काढायचा ते मीच त्यांना शिकवलं होतं. एक एक बटण दाबत त्यांनी अडतीस नंबर काढला आणि पडद्यावर बोट ठेवून ओळ वाचत गेले. बोट शेवटच्या रकान्यापाशी थांबलं. आम्ही चौघे फरशीकडे बघत होतो.

भाईजींनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि परत वाचलं.

"मामू, तुमी हे आधीच पाहिलं होतं?"

"व्हय."

भाईजींनी चाव्यांचा जुडगा उचलला आणि मामूंच्या हातात दिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "राठोड, माझा पासवर्ड बंद करा."

"जी, भाईजी."

मी दारापर्यंत पोचलो होतो. मागून आवाज आला, नेहमीपेक्षा जरा मोठा.

"आन् मामूला विचारल्याबिगर चालू करू नका!"